बेलावरच्या अळ्या

आमच्या लिंबाच्या पानावर चिमणीनं घाण केली असं समजून आई ती ओल्या फडक्यानं पुसायला गेली, आणि ती घाण चालायला लागली. आई ओरडली. तारेच्या कुंपणापलीकडून शेजारच्या काकूंनी विचारलं, "काय झालं हो?" आई म्हणाली, "काही नाही जी, काटा रुतला." झाडाला अळी लागली एवढं सांगायचाही तिला कमीपणा वाटला. आमच्या घराची ती रीतच होती. आधी लाज वाटून घ्यायची, मग काय झालंय ते बघायचं. मी त्याच घरात वाढले, त्यामुळे त्या पावसाळ्याबद्दल लिहायचं तर मलाही लाजेपासूनच सुरुवात करावी लागते.

आम्ही भंडाऱ्याकडचे. भिलाईला पोलाद कारखाना उभा राहू लागला तेव्हा बाबा तिथे खलाशी म्हणून भरती झाले. खलाशी म्हणजे समुद्रावरचा नव्हे. दोर, साखळ्या आणि कप्प्या लावून लोखंडाच्या तुळया वर चढवणाऱ्या माणसाला तिथे खलाशी म्हणत. सुरुवातीला आम्ही पत्र्याच्या झोपडीत राहिलो आणि मग सेक्टरमध्ये क्वार्टर मिळालं. दोन खोल्या, मागे न्हाणी, पुढे मुरमाड लाल जमिनीचा तुकडा. डाव्या हाताला बंगाली, समोर सरदारजी आणि उजव्या हाताला जवळच्या दुर्ग शहरातले मराठी काका-काकू. काका कारखान्याच्या टाइम ऑफिसात कारकून होते. त्यांचं घराणं तीन पिढ्यांपासून दुर्गात होतं, आणि हे काकू दर दोन वाक्यांनी सांगायच्या.

गावाकडून कोणी आलं की बाबा त्याला आमच्या क्वार्टरांच्या लाइनीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून आणायचे आणि म्हणायचे, "इथं कोनी जात इचारत नाही. नंबर इचारते." क्वार्टर नंबरानं मिळायचं, हाजिरी नंबरानं लागायची, म्हणून ते खोटं नव्हतं. आम्हाला कोणी काही विचारलं नाही. न विचारताच सगळ्यांना माहीत होतं. पुढच्या खोलीत बुद्धाची तसबीर होती आणि ती रस्त्यावरून दिसायची. बाबांनी मुद्दाम तशी लावली होती. लाइनीतल्या बायका दारापर्यंत यायच्या, गोड बोलायच्या. पण चहा म्हटलं की त्यांचा आत्ताच झालेला असायचा, पाणी म्हटलं की तहान नसायची. क्वार्टरमध्ये आल्यापासून आई हे बघत होती. बाबांना ते दिसत नव्हतं, किंवा दिसत असलं तरी ते कबूल करायला तयार नव्हते.

म्हणून आईनं लिंबू लावलं. "शिजोलेलं नाही घेत, समजलं. पान्याचं नाही घेत, तेही समजलं," ती म्हणायची. "झाडावरच्या लिंबाले कोन नाही म्हनन?" तोडलेल्या फळाला विटाळ नसतो हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिचं माहेर काटोलकडचं. तिथे लग्नाआधी ती संत्र्याच्या बागांमध्ये मजुरीला जायची, आणि तिनं तोडलेली संत्री कुठल्या कुठल्या घरात खाल्ली जातात हे तिनं पाहिलं होतं. माहेराहून डब्यात आणलेलं लिंबाचं कलम तिनं कुंपणाशी लावलं. बाबांनी पहारीनं मुरूम फोडून खड्डा केला. राख, शेण, भांड्याचं पाणी, घरातलं काहीही त्या झाडापासून वाचलं नाही.

त्या वर्षी झाड पहिल्यांदा भरून फुललं. फुलं गळून हिरव्या मण्यांएवढी लिंबं धरली, तेव्हा आईनं जाहीर केलं की पहिला तोडा घरात वापरायचा नाही. लाइनीत वाटायचा, घरटी पाच-पाच. कोण हात पुढे करतं आणि कोण मागे घेतं, ते एकदाचं कळू दे. बाबा म्हणाले, "सगळेच घेतीन." आई म्हणाली, "पाहू ना."

आणि नेमकी तेव्हाच अळी लागली.

बाबांनी रविवारी झाडापुढे बसकण मारली. ओझं उचलायच्या आधी त्याच्याभोवती फिरून ते कुठे जड, कुठे हलकं हे बघायचं, ही त्यांची कामावरची सवय. तसंच त्यांनी झाड पाहिलं. कोवळ्या पालवीवर खसखशीच्या दाण्याएवढी पिवळट अंडी होती. त्यातून निघालेल्या बारक्या अळ्या तपकिरी-पांढऱ्या, थेट पक्ष्याच्या विष्ठेसारख्या, म्हणून पक्षीही त्यांना खात नसावेत. त्याच मोठ्या झाल्या की हिरव्यागार होत आणि पानात दिसेनाशा होत. बोट लावलं की डोक्यातून दोन नारिंगी शिंगं बाहेर काढत, आणि अशी काही घाण सुटे की जेवण नको वाटावं. काळ्या पंखांवर पिवळे ठिपके असलेलं एक फुलपाखरू रोज झाडाभोवती फिरत होतं आणि आम्ही भावंडं त्याला बघून खूश होत होतो. अंडी तेच घालत होतं. नवी पालवी संपून मधल्या शिरा तेवढ्या उरल्या होत्या.

आईकडे औषध तयार होतं. तंबाखू उकळून ते पाणी मारायचं, नाही तर अळ्या वेचून मातीतेलाच्या पाण्यात बुडवायच्या. मातीतेल म्हणजे रॉकेल. संत्र्याच्या बागेत तिनं हे हजारदा केलं होतं.

"मारायच्या नाहीत," बाबा म्हणाले.

नागपूरला दीक्षा झाली तेव्हा मी बाबांच्या खांद्यावर बसून ती गर्दी पाहिली, असं घरात सांगतात. मला काही आठवत नाही. बाबांना मात्र सगळं आठवत होतं. लाखो लोकांनी पंचशील घेतलं आणि परत आपापल्या कामाला लागले. बाबांनी ते शब्दशः घेतलं. जीवहिंसा करणार नाही म्हटलं ना, मग नाही करायची. घरात मटण बंद झालं, सुकट बंद झाली. आम्ही पोरं सरदारजींच्या स्वयंपाकघराच्या वासावर जेवायचो.

"ढेकनं मारता ना?" आई म्हणाली. "ते कोन्या शीलात बसते?"

"ढेकून मले चावते. यानं माहं का केलं?"

"लिंबू खाल्लं माहं!"

"पान खाल्लं. लिंबू कुठी खाल्लं?"

या वादात आई कधी जिंकली नाही आणि कधी गप्पही बसली नाही. दुसऱ्या दिवसापासून बाबा पहिल्या पाळीहून आले की तुपाचा रिकामा डबा घेऊन लिंबापुढे बसत. ज्या हातांनी ते दिवसभर साखळदंड ओढायचे, त्याच हातांच्या चिमटीत एकेक अळी धरून डब्यात सोडत. शिंगं बाहेर आली की तिला म्हणत, "राहू दे, राहू दे, काही नाही करत तुले." मी दाराआडून हे ऐकायची आणि जीव शरमून जायचा. इतरांचे बाप संध्याकाळी पत्ते खेळत, रेडिओ ऐकत. माझा बाप अळीची समजूत घालत होता.

त्याहून वाईट म्हणजे त्या अळ्या ते कुठेतरी नेऊन सोडायचे. खाकी हाफपँट, पायात कामावरचे बूट आणि हातात भोकं पाडलेला डबा, अशी बाबांची स्वारी सगळ्या सेक्टरमधून जायची. माझ्या वर्गातल्या मुली विचारायच्या, "तेरे बाबा डिब्बे में क्या ले जाते हैं?" मी म्हणायची, मासे धरायला जातात. मटण-मासे सोडलेल्या माणसाची पोरगी आणखी काय सांगणार?

अडचण अशी की अळ्या जगत नव्हत्या. बाबांनी त्या कडुनिंबावर सोडून पाहिल्या, बाभळीवर, पेरूवर सोडून पाहिल्या. दुसऱ्या दिवशी जाऊन बघावं तर त्या मलूल होऊन खाली पडलेल्या. बाजारातून आणलेली कढीपत्त्याची काडी त्यांनी डब्यात ठेवली, ती मात्र खाल्ली. पण कढीपत्त्याचं झाड जवळपास कुठेच नव्हतं. मग एक दिवस बाबा असे हसत घरी आले की आईला वाटलं बढती मिळाली. "बेल खाते!" ते म्हणाले. "बेलाचं पान असं खाते जसं लिंबाचंच होय!"

तो बेल आमच्या सेक्टरच्या टोकाला होता. क्वार्टरं बांधायच्या आधी तिथे एक गाव होतं. गाव उठवलं, घरं पाडली. बेल, त्याचा मातीचा पार आणि पारावरची महादेवाची पिंडी तेवढी राहिली. ज्यांचा तो महादेव होता ती माणसं कुठे गेली हे लाइनीत कोणाला माहीत नव्हतं. पुढे क्वार्टरवाल्यांनी पाराला सिमेंट केलं, वर घंटा बांधली, आणि देव आपोआप त्यांचा झाला.

आई म्हणाली, "अजी, महादेवाचा बेल होय तो."

"झाड आहे ते," बाबा म्हणाले. "झाडाले कोनता धरम?"

हे ते चिडून किंवा कोणाला खिजवायला म्हणाले नव्हते, हे मी आजही शपथेवर सांगेन. दीक्षा घेताना ते देव त्यांनी सोडले होते, आणि सोडले म्हणजे इतके पक्के सोडले होते की बेलाकडे बघताना त्यांना खरोखर पानंच दिसत होती. ज्याला राग असतो तो देवाला विसरत नाही. बाबा विसरले होते. भर दिवसा, सगळ्यांच्या देखत, ते पारावर चढून बेलाच्या पानांवर अळ्या ठेवत होते आणि त्यात लपवण्यासारखं काही आहे हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

श्रावण लागला. पहिल्या सोमवारी लाइनीतल्या बायका तबक घेऊन बेलापाशी गेल्या. महादेवाला वाहायचं पान तीन पानांचं, अखंड लागतं. कुरतडलेलं चालत नाही. खालच्या फांद्यांवर एक पान धड नव्हतं. आणि पानापानावर हिरव्या, गलेलठ्ठ अळ्या.

त्या संध्याकाळी काका आमच्या फाटकाशी आले. आत आले नाहीत. बाबांनी खुर्ची आणली, ते बसले नाहीत.

"बेलावर इल्ल्या तुम्ही सोडल्या?"

"हो जी," बाबा म्हणाले. आनंदानंच म्हणाले. "दुसऱ्या झाडावर जगत नाही त्या. मी सगळे झाडं पाहून चुकलो."

काका अगदी शांतपणे, मान राखून बोलले. "हे बघा, तुम्ही धर्म बदलला, आम्ही काही म्हटलं का? नाही म्हटलं. पण तुम्ही लोकांनी आमच्या देवावर सूड काढायचा, हे बरं नाही."

बाबांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. आधी त्यांना काही समजलंच नाही. मग समजलं. रागानं लाल झाले असते तर मला बरं वाटलं असतं. ते लाजले. नंबरांच्या गावात एवढी वर्षं काढलेल्या माणसाला आपण 'तुम्ही लोक' आहोत हे फाटकात उभं राहून कळलं, आणि जणू चूक आपलीच, असे ते खाली बघायला लागले. "माह्या ध्यानातच नाही आलं जी," ते म्हणाले. "मी काढून टाकतो सगळ्या." काका म्हणाले, "पुढच्या सोमवारच्या आत." कुंपणापलीकडे काकू ओटीवर उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं, हे आईनं पाहिलं.

रविवारी सकाळी बाबा डबा घेऊन निघाले आणि मला बरोबर घेतलं. का घेतलं ते सांगितलं नाही. एकट्यानं जायची त्यांना हिंमत होत नसावी. पाराशी सुट्टीचे बरेच पुरुष जमले होते. बायकाही होत्या, आणि माझ्या वर्गातल्या दोन मुली. बाबांनी बूट काढले आणि पारावर पाय ठेवायला गेले, तर काका म्हणाले, "तुम्ही नका चढू. झाडाला हात नका लावू आता."

महिनाभर ज्या झाडाला हात लावला, त्याला आता नको. बरं, मग काढणार कोण? ऑफिसातल्या एका बाबूंनी काडीनं एक अळी ढोसली. तिनं शिंगं काढली, घाण सुटली आणि बाबू दोन पावलं मागे आले. थुंकत म्हणाले, "राम राम, ये हमसे नहीं होगा." सगळे उभे राहिले. अळी काढायला हवी होती आणि अळीला हात लावायची कोणाची तयारी नव्हती. जो लावू शकत होता त्याचा हात झाडाला चालत नव्हता.

मागून कोणीतरी म्हणालं, "लडकी को चढा दो. बच्चों में क्या है."

ते सगळ्यांना पटलं. बाबा म्हणाले, "काटे आहे जी झाडाले." काका म्हणाले, "मग तुमचं तुम्ही बघा. उद्या सोमवार आहे." बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मला त्यांनी नाही म्हणायला हवं होतं. पण त्यांनी डब्याचं झाकण काढलं, आणि मी फ्रॉक पुढून-मागून आवळून गाठ मारली आणि चढले.

बेलाचे काटे बोटभर लांब असतात. दंड ओरबाडले, फ्रॉक फाटला. एकेक अळी धरायची, तिची शिंगं, तिची घाण, आणि खाली बघायचं. खाली बाबा पाराच्या बाहेर उभे राहून, पाराला अंग लागू नये म्हणून वाकून, दोन्ही हातांनी डबा वर धरून होते. खालून मुलं हसत होती. माझ्या वर्गातल्या मुलींना आता कळलं डब्यात काय असतं ते. मेले असते तर बरं, असं वाटलं. आणि अशा वेळी बाबा खालून हळूच म्हणाले, "दाबू नको वं बाई, जित्या राहू दे." मला इतका संताप आला की सगळ्या अळ्या त्यांच्या तोंडावर फेकाव्यात असं वाटलं. काकू खालून सांगत होत्या, "ती वरची फांदी राहिली बघ." घरकामाला लावलेल्या पोरीला सांगावं तसं.

शेवटी डबा भरला. एकानं घंटा वाजवली, एकानं बादलीनं पाणी आणून पार धुतला. आम्ही अजून तिथेच उभे होतो तेव्हाच धुतला.

घरी आलो तर आई दारात मातीतेलाच्या पाण्याचं घमेलं घेऊन बसली होती. "द्या इकडं," ती म्हणाली. बाबांनी घमेल्याकडे पाहिलं, तिच्या बाजूनं गेले, लिंबापाशी उकिडवे बसले आणि डब्याचं झाकण काढलं. मग एकेक अळी चिमटीनं उचलून लिंबाच्या पानांवर ठेवायला लागले.

"अजी, हे का करून राहिले?"

"दुसरं कुठी नेऊ?" बाबा म्हणाले. "हे झाड तरी आपलं आहे."

"माहं आहे!" आई ओरडली. "माह्या माहेरचं आहे. त्याची लिंबं मी कोनाले देनार होती, माहीत आहे ना तुमाले?"

बाबांचा हात थांबला. डब्यात अजून निम्म्या अळ्या होत्या. त्यांनी डबा तिच्यापुढे जमिनीवर ठेवला आणि बाजूला झाले. आता तिनं घमेल्यात ओतला असता तरी ते काही म्हणाले नसते. आई उठली. डब्याकडे आली, आणि तेव्हा तिला माझे हात दिसले. तिनं मनगट धरून एक हात पाहिला, मग दुसरा पाहिला. फाटलेला फ्रॉक पाहिला. "कोनं चढोली हिले?" तिनं विचारलं. बाबांनी सांगितलं. सगळं सांगितलं, पार धुतला तेसुद्धा.

आईनं घमेलं उचललं आणि मातीतेलाचं पाणी नालीत ओतून दिलं. "खाऊ द्या," ती म्हणाली.

अळ्या खात सुटल्या. तीन-चार दिवसांत झाडाला पान राहिलं नाही. काटे आणि काड्या, आणि त्यावर हिरवे मणी. पानं गेल्यावर मणीही पिवळे पडून गळायला लागले. रस्त्यावरून जाणारा प्रत्येक माणूस आमच्या दारातल्या त्या उघड्या झाडाकडे बघायचा, आणि मला वाटायचं आम्हीच उघडे पडलो आहोत. मी पुढच्या दारानं जाणं सोडलं. शाळेत मागच्या गल्लीतून जायची. बाबा रोज संध्याकाळी झाडाला पाणी घालायचे; त्याचीही लाज वाटायची. नुसतं झाड मेलं असतं तर लोक हळहळले असते. आमचं झाड आम्हीच खायला घातलं होतं, हे कोणाला कसं सांगणार?

एक दिवस सकाळी आई खाली पडलेली लिंबं झाडूनं लोटत होती. मी आत खिडकीशी वेणी घालत होते. कुंपणापलीकडे काकू कपडे वाळत घालत होत्या. बेलाच्या प्रकरणानंतर त्या पहिल्यांदाच आईशी बोलल्या.

"अगंबाई, एवढं भरलेलं झाड! मारून टाकायच्या ना त्या इल्ल्या. आम्हालाही चार लिंबं झाली असती."

आई झाडू धरून सरळ उभी राहिली. या एका गोष्टीवरून ती पावसाळाभर बाबांशी भांडली होती. ती म्हणाली, "आमच्यात नाही मारत जी."

काकूंनी उरलेले कपडे दोरीवर टाकले आणि त्या आत गेल्या. आई घरात आली. मला वाटलं ती आता रडेल, पण ती माझ्यासमोर उभी राहिली आणि हळू आवाजात, चोरून विचारावं तसं तिनं विचारलं, "तिनं मांगितली ना वं लिंबं? तू आयकलं ना?"

मी म्हटलं, "हो, मागितली." आणि आमच्याकडे द्यायला एकही नव्हतं.